समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताय? सोलापूरकरांसाठी सुरुवातीची माहिती

छातीत धडधडतं म्हणून ईसीजी होतो, मग टूडी इको, मग रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल येतं आणि डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." आपल्याकडे मनाच्या दुखण्याची गाडी बहुतेक वेळा याच वाक्यापाशी येऊन थांबते. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, ते कुणी सांगत नाही. हा लेख त्या वाक्याच्या पुढच्या रस्त्यासाठी आहे. ज्यांनी आजवर समुपदेशकाचं दार उघडलेलं नाही, किंवा घरातल्या कुणाला तरी न्यायचं आहे पण कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी.

आधीच सांगून टाकतो. "कोणती थेरपी सगळ्यात चांगली" या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. तो प्रश्न नंतरचा. समोरचा माणूस शिकलेला आहे का, त्याच्याशी तुम्हाला तुमच्या भाषेत बोलता येतं का आणि त्याला प्रश्न विचारायची तुमची तयारी आहे का, हे आधी बघा.

थांबायला वेळ नसेल तर

मरणाचे विचार येत असतील, कुणी तसं बोलून दाखवलं असेल, किंवा माणूस अचानक भलतंसलतं बोलू-ऐकू लागला असेल, तर समुपदेशकाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोन-मदत सेवेचा नंबर लावा. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. ती मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालते. जिवाला धोका दिसत असेल तर ११२ किंवा थेट सिव्हिलचा तातडीचा विभाग. तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि शेतीची फवारणीची बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशी हलवा.

"मनात जीव देण्याचा विचार येतो का?" असं सरळ विचारलं तर विचार वाढतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर माणसाला बहुधा हलकंच वाटतं. आणि पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जाईल आणि उलट काही सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला चालवून शिक्षा केली जाणार नाही. त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पाटीवर काय लिहिलंय ते वाचा

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिॲट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक विचारता येतो आणि परिषदेच्या वेबसाइटवर पडताळता येतो. समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर, हा मानसशास्त्रात एमए केलेला असू शकतो, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतलेला असू शकतो, आणि दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावलेलाही असू शकतो. गोंधळ होतो तो इथेच. चांगल्या समुपदेशकाला "तुमचं शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली शिकलात?" या प्रश्नाचा राग येत नाही. राग आला तर तिथून उठावं, हे माझं स्पष्ट मत.

ढोबळ नियम असा: झोप-भूक पार गेली असेल, कामावर जाणं बंद पडलं असेल, भास होत असतील, संशय टोकाला गेला असेल, किंवा काही दिवस अंगात वारं भरल्यासारखा उत्साह आणि मग आठवडेच्या आठवडे अंथरूण असं चक्र असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. नात्यातली भांडणं, परीक्षेची भीती, कुणी गेल्याचं दुःख, नोकरी सुटल्यावरची घालमेल, सतत चिंता, यांत समुपदेशकापासून सुरुवात करायला हरकत नाही. गरज वाटली तर तो स्वतःच पुढे पाठवतो. पाठवायला नको म्हणणारा समुपदेशक टाळा.

आणखी एक, दोघांकडेही जाण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड कमी झालं तरी माणूस उदास आणि सुस्त होतो. मग सहा महिने बालपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

जायचं कुठे

खिशाला परवडणारा पहिला रस्ता सिव्हिलचा. कागदोपत्री नाव श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, जोडून डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा आणि खिडकीवर "मानसोपचार विभाग" म्हणून सांगा. गर्दी असते. डॉक्टर तुम्हाला तासभर देतील ही अपेक्षा ठेवू नका. पण निदान, औषधं आणि पुढची दिशा इथे मिळते आणि खर्च खासगीच्या मानाने नगण्य असतो. बाहेर बाकावर कुणी ओळखीचं भेटलंच, तर तोही त्याच कामाला आलेला असतो.

तालुक्याच्या गावी राहत असाल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल विचारा. हा कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे आणि त्याचा नमुना आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तयार झाला. साध्या दवाखान्यातच मनाच्या आजारांचे उपचार पोचवावेत, ही त्यामागची कल्पना. गावातल्या आशाताईंना विचारलंत तर कोणत्या दिवशी कुठे जायचं ते बहुधा कळतं. ईएसआयचं कार्ड असलेल्या कामगारांनी आपल्या ईएसआय दवाखान्यात आधी दाखवून पुढची चिठ्ठी मागावी.

खासगी दवाखाने आणि समुपदेशन केंद्रं शहरात आहेत. फी प्रत्येकाची वेगळी, म्हणून ती फोनवरच विचारून घ्या. कॉलेजात असाल तर तिथे समुपदेशन कक्ष आहे का बघा. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा. मनाच्या आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. भरती व्हावं लागलं तर त्याचा उपयोग होतो. बाहेरच्या भेटींचे पैसे मिळतीलच असं मात्र नाही.

ऑनलाइन समुपदेशनाचा पर्याय आपल्या शहराला बरा लागू पडतो, कारण इथे कुणाची स्कूटर कुणाच्या दारात उभी आहे हे संध्याकाळपर्यंत पेठेत कळतं. अडचण वेगळीच असते: घरात बोलायला खोली नसते. दोन खोल्यांच्या घरकुलात आजी, दोन पोरं आणि टीव्ही असताना मन मोकळं कसं करणार? मग लोक गच्चीवर जातात, गाडीत बसतात, कंबर तलावाच्या कडेला हेडफोन लावून चालत चालत बोलतात. समुपदेशकाला हे आधी सांगा, म्हणजे कुणी जवळ आलं की विषय बदलायचा एखादा इशारा ठरवता येतो.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे

सोलापुरात हा मुद्दा दुय्यम नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली आजी दुकानात मराठी बोलते, पण दुःख तेलुगूतच सांगते. अक्कलकोट रोडकडच्या कितीतरी घरांत चुलीपाशी कन्नड चालते, आणि कुठे दखनी उर्दू. मराठीत "बरं आहे" म्हणणारा माणूस आपल्या भाषेत विचारलं की रडायला लागतो. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: "तेलुगू समजणारं कुणी आहे का?" नसेल तर टेली-मानसवर भाषा निवडता येते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांची तिथे सोय आहे. दुभाषा म्हणून मुलगा किंवा सून शक्यतो नको. आईची तक्रार सुनेबद्दलच असेल तर भाषांतर कसं होईल, सांगायला नको.

पहिला फोन, पहिली भेट

फोनवर एवढं विचारा: फी किती, भेट किती मिनिटांची, माझ्यासारखी तक्रार असलेली माणसं तुम्ही बघता का, तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, आणि अपॉइंटमेंट रद्द केली तर पैसे लागतात का. साधारण पाऊण ते एक तासाची भेट असते. दहा मिनिटांत आटोपत असेल तर तो फारतर सल्ला झाला.

जाताना एक कागद न्या. कधीपासून त्रास होतो, कधी वाढतो, झोप किती, जेवण कसं, दारू-तंबाखू-मावा किती, चालू गोळ्यांची नावं, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. तंबाखू आणि दारूचं खरं सांगा, तिथे कुणी प्रवचन देत नाही. रोज पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एका दिवसात दारू बंद करू नये. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी.

पहिल्या भेटीत समुपदेशक बहुतेक वेळ विचारत राहील, लिहून घेईल. बाहेर पडताना "काहीच झालं नाही" असं वाटू शकतं. उलट, इतकं बोलून गेल्याची लाजही वाटते. दोन्ही चालायचंच. रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच असतो.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. तुम्ही सांगितलेलं बाहेर जात नाही, हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, न्यायालयाने मागितलं तेव्हा, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. तुमची आई बाहेर बसली आहे म्हणून तिला सगळं सांगितलं जाईल, असं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांना काय सांगायचं आणि काय नाही, हे सुरुवातीलाच तिघांनी मिळून ठरवावं.

पद्धती: एकच त्रास, अनेक वाटा

आता थेरपीच्या प्रकारांकडे येऊ. एक उदाहरण धरू. जुळे सोलापुरातला इंजिनिअर झालेला मुलगा. पुण्याला मुलाखतीसाठी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसला आणि कुर्डुवाडीच्या आसपास त्याची छाती धडधडायला लागली, हात गार पडले, आता हार्ट अटॅक येणार असं वाटलं. तिथेच उतरून परत आला. त्यानंतर रेल्वे नको, एसटी नको, शेवटी घराबाहेरच पडणं नको. याला पॅनिक म्हणतात.

सीबीटी, म्हणजे विचार तपासून वागणं बदलण्याची पद्धत वापरणारा समुपदेशक त्याला त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायला सांगेल: "धडधडतंय म्हणजे मी मरणार." मग दोघं मिळून त्या वाक्याची तपासणी करतील. याआधी किती वेळा असं वाटलं, त्यात काय झालं, जिना चढल्यावरही धडधडतं तेव्हा काय वाटतं. ही पद्धत अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडली. तिच्यात गृहपाठ असतो, वही असते आणि साधारण ८ ते २० भेटींत काम उरकावं असा हिशेब असतो. चिंता, पॅनिक आणि नैराश्यात तिच्या बाजूने भरपूर संशोधन आहे. वही लिहायचा कंटाळा असेल तर मात्र ती अर्ध्यावर लटकते.

त्यातच दुसरा भाग येतो, भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याचा. आधी नुसतं स्टेशनवर जाऊन बसायचं. मग मोहोळपर्यंत जाऊन परत. मग कुर्डुवाडी. धडधड होईल, होऊ द्यायची, पळायचं नाही. ती आपोआप उतरते हे शरीराला शिकवायचं. पुन्हापुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं अशा ओसीडीच्या त्रासात याच तत्त्वावरची ईआरपी नावाची पद्धत वापरतात. ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी.

आरईबीटी म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास सुरू केली आणि महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी. त्यामुळे मराठीत या पद्धतीवर वाचायला बरंच आहे आणि ती शिकलेले समुपदेशकही आपल्याकडे बरेच भेटतात. इथे त्या मुलाला विचारलं जाईल: "नोकरी मिळायलाच हवी, नाही मिळाली तर मी नालायक, हे कुठून आलं?" नोकरी मिळावी ही इच्छा रास्त आहे. तिची सक्ती झाली की माणूस आजारी पडतो. या पद्धतीत समुपदेशक वाद घालतो, थोडा टोचतो. काहींना ते आवडतं, काहींना शाळेतल्या मास्तरांची आठवण होते.

कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत नेमकं उलट. इथे समुपदेशक वाद घालत नाही, सल्ला देत नाही. मन लावून, चूक-बरोबर न ठरवता ऐकतो. आपल्याकडे लोकांना हे सुरुवातीला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं: "मॅडम काही बोलतच नाहीत!" पण ज्याचं आयुष्यात कुणी पूर्ण वाक्य ऐकून घेतलेलं नाही, त्याला यातूनच उभारी येते. दुःखात, पाळी गेल्यानंतरच्या एकटेपणात, किंवा मुलं पुण्या-मुंबईला गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात मला ही पद्धत जास्त पटते.

फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून निघालेली मनोगतिकीय थेरपी मुळाशी जाते: नापास झाल्यावर वडिलांनी चार लोकांत जे सुनावलं, ते आजच्या मुलाखतीत येऊन बसलंय का? वेळ लागतो, पैसा लागतो. तातडीच्या त्रासात तिच्यापासून सुरुवात करू नये.

कुटुंब समुपदेशन आपल्या एकत्र घरांसाठी फार उपयोगी आणि फार कमी वापरलं जाणारं. त्या मुलाला आई रोज विचारते, "आज बरं वाटतंय का रे?" वडील म्हणतात, "नाटकं आहेत." काका यूट्यूबवरचे उपाय पाठवतात. सगळ्यांना एका खोलीत बसवून हे चक्र दाखवलं की निम्मा प्रश्न मोकळा होतो. वडिलांना आणणं हीच खरी अडचण. "तुमच्या मुलाबद्दल तुमचं मत हवंय" असा निरोप गेला तर ते येतात.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. अपघात, अत्याचार अशा आघातांसाठी ईएमडीआर, स्वतःला इजा करण्याची सवय आणि भावनांचा भडका यांसाठी डीबीटी, लहान मुलांसाठी खेळाच्या माध्यमातून केलेली थेरपी. व्यसनात अल्कोहोलिक्स अनॉनिमससारखे गट, तेही फुकट. संमोहनाच्या जाहिरातींत "एका सिटिंगमध्ये कायमचा आराम" असं दिसलं की पुढे चला.

गोळ्यांबद्दल

गोळ्या आणि बोलणं एकमेकांचे वैरी नाहीत. मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही बरोबर चालतात. स्किझोफ्रेनिया (भास, टोकाचा संशय) आणि बायपोलर (वर सांगितलेलं उत्साह आणि अंथरूण यांचं चक्र) यांत औषध हाच पाया, समुपदेशन त्याच्या जोडीला. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. म्हणून लोक नेमक्या चुकीच्या वेळी सोडतात. "सवय लागते" ही भीती या गोळ्यांबद्दल नको, पण बरं वाटलं म्हणून अचानकही बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती काही झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांची, ज्या जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घेतल्या जातात.

देवाधर्माचं काय

गाणगापूरला किंवा दर्ग्यावर नेऊ नका असं मी म्हणणार नाही. घरच्यांना धीर येतो, माणूस घराबाहेर पडतो. अट एवढीच की गोळ्या पिशवीत बरोबर असाव्यात आणि त्या वेळेवर घेतल्या जाव्यात. मारहाण, उपाशी ठेवणं, चटके, बांधून घालणं, यातलं काहीही सुरू झालं की माणसाला घेऊन निघा. साखळदंडाने बांधायला मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

जमतंय का, कधी थांबायचं

तीन-चार भेटींनंतर समुपदेशकालाच विचारा: आपण कुठे चाललोय, कशावरून कळेल की फरक पडतोय? झोप, जेवण, कामावरची हजेरी, घरातली भांडणं, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी ठरवा. जमत नसेल तर तसं सांगून बदला. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, त्यांनाही याची सवय असते. समुपदेशक स्वतःच्याच गोष्टी सांगत असेल, जात-लग्न-मुलं यावर उपदेश करत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, उसने पैसे मागत असेल, अंगचटीला येत असेल, तर एकाही भेटीची वाट न बघता थांबा.

बरं वाटायला लागलं की एकदम बंद न करता आठवड्याची भेट पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या. आणि नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला जाणार असाल, तर निघण्याआधी केसपेपर, चाचण्यांचे अहवाल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी यांची एक फाइल करून घ्या. समुपदेशकाकडून चार ओळींचा सारांशही मागून घ्या. नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगायचे कष्ट वाचतात.